नातीचा ‘मायनर’ विषय
(मंडळाच्या गणेशोत्सवात, वडोदरा येथे दिलेले भाषण)



माझी नात अमेरिकेत संगणकशास्त्र शिकते. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला. “आजी, मी मायनर विषय घेतला. आफ्रिकी आणि आफ्रिकेबाहेरच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या संस्कृतींचा अभ्यास.” मी लगेच विचारलं, “अगं, त्याचा उपयोग काय?” तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी हेच विचारलं असतं, म्हणून आज हा विषय घेतला.

मेजर म्हणजे मुख्य विषय आणि मायनर म्हणजे जोडीचा विषय, हे आता आपल्या मुलांमुळे आपल्यालाही कळू लागलं आहे. पाच-सहा अभ्यासक्रम पुरे केले की पदवीबरोबर त्याची नोंद होते. पण हा विषय अमेरिकेतल्या विद्यापीठांत सहजासहजी आलेला नाही. 1968 च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी संप पुकारला. आमचा इतिहास आम्हाला का शिकवत नाही, हा त्यांचा सवाल होता. संप 1969 च्या मार्चपर्यंत चालला आणि त्यानंतर तिथे या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठात आफ्रिका-अभ्यासाचा विभाग त्याही आधी, 1955 साली सुरू झाला होता. ही गोष्ट मला नातीकडून कळली!

मुलं यात शिकतात काय? सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात सुमारे सव्वा कोट आफ्रिकी माणसांना जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेलं. त्यातली जवळपास अठरा लाख माणसं वाटेतच मेली. आपल्याला वाटतं, सगळे अमेरिकेत गेले. प्रत्यक्षात आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट उतरले ते चार लाखांच्या आसपास आणि एकट्या ब्राझीलमध्ये सुमारे अठ्ठेचाळीस लाख. त्या माणसांकडून नाव, भाषा, नातीगोती सगळं हिरावून घेतलं गेलं. तरी मनात होतं ते टिकलं. आपले देव त्यांनी ख्रिस्ती संतांच्या नावाआड जपले. ब्राझीलच्या साल्व्हादोर शहरात दर 2 फेब्रुवारीला समुद्राची देवी येमांजा हिच्यासाठी फुलं आणि भेटवस्तू होड्यांतून नेऊन समुद्रात सोडतात. ही देवी पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची. नातीनं त्याचा व्हिडिओ दाखवला तेव्हा किनाऱ्यावरची गर्दी पाहून मला आपलं विसर्जन आठवलं.

मग तिला एक काम मिळालं : आपल्या गावाचा आफ्रिकेशी काय संबंध आहे ते शोधून लिहा. तिनं मला विचारलं. मी म्हटलं, “आपला कसला संबंध?” दुसऱ्या दिवशी मलाच लाज वाटली. मलिक अंबर आपण शाळेत शिकलो होतो. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून पुन्हा पुन्हा विकला गेला आणि दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. मुघलांना त्यानं वर्षानुवर्षं झुंजवलं. औरंगाबाद ज्या जागी वाढलं ते खडकी त्यानंच वसवलं. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले. आणि जंजिऱ्याचे सिद्दी तर आपल्या इतिहासात पानोपानी आहेत. पण ही माणसं आली कुठून, हे मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं.

सुट्टीत नात आली तेव्हा आम्ही भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला गेलो. तिथे टेकडीवर बावा गोरचा दर्गा आहे, सिद्दींचं मोठं श्रद्धास्थान. परिसर अकीक दगडाच्या खाणींचा. सिद्दींच्या ढोलाच्या नाचाला ‘गोमा’ म्हणतात. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत ढोलाला आणि त्यावरच्या नाचाला ‘न्गोमा’ म्हणतात. त्यांचं ‘मलुंगा’ नावाचं वाद्य म्हणजे तार लावलेलं धनुष्य आणि त्याला बांधलेला भोपळा. ब्राझीलमध्ये आफ्रिकी वंशाचे लोक अगदी अशाच बांधणीचं ‘बेरिंबाव’ वाजवतात. मी इतकी वर्षं वडोदऱ्यात काढली आणि जवळचं हे मला अमेरिकेत शिकणाऱ्या मुलीनं दाखवलं.

आता एक गोष्ट सांगते, जी सांगायला जड जाते. काही वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या. दलालानं टांझानियाचा एक विद्यार्थी आणला. बूट दाराबाहेर काढून तो आत आला, नमस्कार केला. मी सांगितलं, खोल्या गेल्या. पाटी अजून फाटकावर लटकत होती. बाहेर पडताना त्यानं ती वाचली, पण काही बोलला नाही.

हे मी नातीला सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, “आजी, चल, कमाटीबागेत फिरून येऊ.” तिथे गेल्यावर मला काय ते कळलं. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये न्यूयॉर्कला शिकायला गेलेले डॉ. आंबेडकर 1917 साली नोकरीसाठी इथे आले. एवढ्या शिकलेल्या माणसाला या शहरात कुणी राहायला जागा दिली नाही. पारशी उतारगृहातूनही हाकलल्यावर ते याच बागेत येऊन बसले होते. पुढे 1946 मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांची दुःखं सारखी असल्याचं कळवलं आणि डुबॉइस यांनी उत्तरही दिलं. त्याच्याही आधी, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना. म्हणजे नातीचा हा विषय मराठी माणसाला नवा नाहीच. आपणच तो विसरलो.

तो मुलगा मला पुन्हा दिसला नाही. माफी मागायची राहून गेली, ती राहिलीच. गेल्या जूनपासून वरच्या खोल्यांत केनियाची दोन मुलं राहतात. त्यातला एक आता आमटी मागून घेतो. पहिल्या महिन्यात शेजाऱ्यांनी कुजबुज केली. आता त्यांच्याच गॅसचा सिलिंडर ही मुलं वर चढवून देतात.

मंडळाला माझ्या दोन विनंत्या आहेत. पुढच्या वर्षी आपल्या मंडपात रतनपूरच्या सिद्दी कलावंतांना मानधन देऊन सन्मानानं बोलवावं. आणि शहरात शिकणाऱ्या आफ्रिकी मुलांना एका संध्याकाळी आरतीला आणि महाप्रसादाला बोलवावं. विद्येच्या देवतेसमोर बसलो आहोत. उपयोग काय, हे मी विचारलं होतं. त्याचं उत्तर मला माझ्याच घराच्या दारात मिळालं.

गणपती बाप्पा मोरया!