वजन, शस्त्रक्रिया आणि कामगाराचे मन



या व्याख्यानमालेत डॉक्टर बोलतात, प्राध्यापक बोलतात, आणि ते योग्यच आहे. आम्ही कामगार संघटनेतले. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे सार्वजनिक वाचनालयात आणि गेटसभांत झाले. तेव्हा वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेवर आम्ही बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण तीस वर्षे आम्ही बस चालवणाऱ्या आणि तिकिटे देणाऱ्या माणसांत वावरलो आहोत. गेल्या काही वर्षांत आमच्या काही सभासदांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली. त्यांचे रजेचे अर्ज, विम्याची भांडणे आमच्या टेबलावरून गेली. त्यात आम्हाला असे दिसले की, ऑपरेशनच्या आधीची धास्ती आणि नंतरची उदासी यांना कोणत्याच फॉर्मवर रकाना नसतो. त्याविषयी आज सांगावयाचे आहे.

प्रथम वजनाबद्दल. लठ्ठ माणूस म्हणजे खादाड आणि आळशी, अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक, जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी, असे त्यांना आढळले. पुढे १९५६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोकांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी कंबरेला मोठ्या निघाल्या. आम्ही हे वाचले तेव्हा हसू आले. आमच्या गणवेश भांडारातला कारकून हेच सांगतो, फक्त त्याचे कोणी छापत नाही! बसून काम, पाळ्यांची झोप, डेपोबाहेरचा वडापाव, रात्री अकराला जेवण, घराण्यातून आलेली प्रकृती, एवढे सगळे त्या विजारीत असते.

आता शस्त्रक्रिया. अमेरिकेत आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराला वळसा घालण्याची, म्हणजे बायपासची, शस्त्रक्रिया सुरू केली. तीत जठराची लहानशी पिशवी ठेवून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दुसऱ्या प्रकारात, ज्याला स्लीव्ह म्हणतात, जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. भूक चेतवणारे एक द्रव्य त्या काढलेल्या भागात तयार होते. त्यामुळे निदान आरंभी भूकही मंदावते. आज हे बहुधा दुर्बिणीतून, लहान छिद्रांवाटे होते. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे यांवर तिचा गुण मोठा आहे. ती करू नये, असे सांगण्यास आम्ही उभे नाही. घोरत घोरत दिवसा स्टिअरिंगवर डुलकी घेणारा चालक तिच्यामुळे जागा झालेला आम्ही पाहिला आहे, आणि त्याच्या गाडीत बसणाऱ्यांनी त्या सर्जनचे आभार मानावेत.

पण शस्त्रक्रियेला येणारा माणूस मोकळ्या मनाने येत नाही. २०१६ साली अमेरिकेच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून एक हिशेब मांडला गेला. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या शेकडा १९ जणांना नैराश्याचा विकार, आणि शेकडा १७ जणांना एकदा खाऊ लागले की थांबता न येण्याचा विकार आढळला. म्हणून चांगल्या रुग्णालयात आधी मनाच्या डॉक्टरकडे पाठवतात.

आमच्या माणसांची खरी धास्ती येथे सुरू होते. सुरीची भीती असतेच, पण तिला शेजारी-पाजारी धीर देतात. मनाच्या डॉक्टरची भीती मनुष्य एकटा बाळगतो. एक चालक, वजन सव्वाशे किलोच्या घरात, आमच्याकडे आला आणि दार लावून घेऊन म्हणाला, "अण्णा, तिथं खरं सांगू की नको? झोप लागत नाही म्हटलं तर ऑपरेशन नाकारतील, आणि कागद डेपोत गेला तर गाडीवरून उतरवतील." त्याने दोन रात्री उत्तरे पाठ केली होती, परीक्षेसारखी! आम्ही डॉक्टरांना विचारून घेतले. नैराश्य आहे एवढ्यावरून शस्त्रक्रिया सहसा नाकारत नाहीत. मात्र आजार तीव्र असेल, उपचार चालू नसतील, किंवा दारूचे व्यसन असेल, तर आधी ते सावरून मग पुढे जातात. म्हणजे खरे सांगण्यात त्याचा फायदा होता. परंतु डेपोतल्या कागदाची भीती खोटी नव्हती, आणि ती डॉक्टरांच्या हातात नव्हती. ती आमच्या कामाची बाब आहे, तिच्याकडे नंतर येतो.

शस्त्रक्रिया झाली. पहिले वर्ष कौतुकाचे असते. महिन्याला किलोच्या किलो उतरतात, जुनी विजार दोन हातांनी धरावी लागते, साखरेच्या गोळ्या कमी होतात, चहाच्या टपरीवर लोक म्हणतात, "काय, हिरो!" केस गळतात, कातडी सैल लोंबते, पण तिकडे पाहण्यास सवड नसते. दुसऱ्या वर्षी वजन एका जागी थांबते, पुढे थोडे परतही येऊ लागते. कौतुक आटते. ड्यूटी तीच, कर्ज तेच, घरातला अबोला तोच.

तोच चालक दीड वर्षाने आला. पस्तीस किलो उतरला होता. म्हणाला, "अण्णा, पूर्वी रात्री ड्यूटीवरून आलो की पोटभर खायचो आणि पडायचो. आता दोन घासांवर जात नाही, आणि डोळाही लागत नाही. मग करायचं काय?" आम्ही यावर बराच विचार केला आहे. अपमानाची, थकव्याची, एकटेपणाची त्याच्याजवळ एकच मलमपट्टी होती. ती वाईट होती, पण होती. ऑपरेशनने ती काढून घेतली, आणि जखमेचे काय, हे त्याला कोणी विचारले नाही. अशा वेळी काहीजण बाटलीकडे वळतात. बायपासनंतर दारू रक्तात लवकर चढते. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांतील रुग्णांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. दारूचा विकार शस्त्रक्रियेपूर्वी शेकडा ७.६ जणांत होता, पहिल्या वर्षी वाढला नाही, दुसऱ्या वर्षी ९.६ झाला. पहा, येथेही दुसरे वर्ष!

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांची, शस्त्रक्रियेपूर्वी तीन वर्षे आणि नंतर तीन वर्षे, अशी तुलना झाली; ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. स्वतःला इजा करून घेतल्याने तातडीने रुग्णालयात आणावे लागण्याचे प्रमाण नंतरच्या काळात सुमारे निम्म्याने वाढले होते. एकंदरीत संख्या थोडी, शंभरांत एकाच्या आसपास. घाबरून जाण्याचे कारण नाही. पण त्यांपैकी बहुतेकांना मनाचा आजार आधीपासून होता, आणि बहुतेक घटना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घडल्या. त्या वेळी रुग्णालयाच्या खेपा विरळ झालेल्या असतात.

स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा रुग्णांचा मोठा अभ्यास चालला. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा, शस्त्रक्रिया न केलेल्यांच्या तुलनेत केलेल्यांचे नैराश्य कमी होते. चिंतेत मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आम्हाला याचे आश्चर्य वाटले नाही. वजनाची चिंता गेली तरी नोकरीची, मुलाच्या फीची, घरभाड्याची चिंता जठरात राहत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर बायपासनंतर त्या अंगात शोषल्या जाण्यात फरक पडू शकतो. म्हणून त्या आपणहून बंद करू नयेत आणि डोस पुन्हा तपासून घ्यावा. जीवनसत्त्वांच्या गोळ्याही कंटाळून सोडू नयेत. ब-१२ कमी पडले तरी थकवा येतो, मन उतरते.

आता कामाच्या जागेकडे येतो. एका भगिनीचे उदाहरण सांगतो. त्या वाहक आहेत. ऑपरेशननंतर त्यांना थोडे थोडे, सावकाश, दिवसातून पाच-सहा वेळा खावे लागे, पाणी घोट घोट. फेरी संपल्यावर विश्रांती पंधरा मिनिटांची! घाईने खाल्ले की उलटी, न खाल्ले की चक्कर. त्यांनी तीन महिने हलके काम मागितले. साहेबांचे उत्तर असे की, "ऑपरेशन झालं, वजन उतरलं, आता तुम्ही पूर्वीपेक्षा धडधाकट आहात." वर डेपोतल्या बायकाच कुजबुजत, काही मोठा आजार तर नाही ना. त्या घरी जाऊन रडत, आणि घरचे म्हणत, एवढा खर्च केला, आता रडतेस कशाला? आम्ही त्यांच्यासाठी तीन वेळा चकरा मारल्या. चौथ्या खेपेला डॉक्टरांचे लेखी पत्र जोडले, तेव्हा दोन महिने तिकीट हिशेबाच्या खिडकीवर बसवले.

पैशाची बाजू अशी. विमा नियामकाच्या नियमानुसार वजन आणि उंचीचे जे प्रमाण काढतात ते ४० असेल, अथवा ३५ आणि सोबत गंभीर आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा खर्च वजनाच्या सबबीवर डावलता येत नाही. एक मीटर सत्तर उंचीच्या माणसाला ३५ म्हणजे सुमारे १०१ किलो. मनाच्या उपचाराबद्दल २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना बजावले आहे की, शारीरिक आजाराच्या धर्तीवरच मानसिक आजाराची तरतूद करावी. कायदा चांगला आहे. पण आमचा सभासद तो मागण्यास जात नाही, कारण मागायचे म्हणजे सांगायचे. त्याला आम्ही निदान १४४१६ हा सरकारी फोन क्रमांक देतो. तेथे फुकट आणि मराठीत बोलता येते, आणि डेपोला कळत नाही.

आमच्या संघटनेने व्यवस्थापनापुढे चार गोष्टी ठेवल्या. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने हलके काम. दोन वर्षेपर्यंत तपासणीच्या आणि मनाच्या डॉक्टरच्या खेपांना भरपगारी सुट्टी, कारण न विचारता. मनाच्या उपचाराचा कागद सेवापुस्तकात लावावयाचा नाही. चालक गाडी चालवण्यास योग्य आहे की नाही, एवढेच डॉक्टरांनी लिहावे. आणि फेऱ्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती, सर्वांनाच. पहिली मान्य झाली. दुसरी एका वर्षापुरती मान्य झाली. दुसरे वर्ष का हवे, हे आकडे घेऊन आम्ही पुन्हा जाणार आहोत. तिसरीवर लेखी काही मिळाले नाही. चौथीवर वेळापत्रक बसत नाही असे सांगतात. ते वेळापत्रक आम्ही स्वतः मांडून पाहिले, दोन जादा गाड्या दिल्या तर बसते.

कोणाला काही विचारावयाचे असेल तर विचारावे. सभा संपल्यावरही आम्ही मागच्या दाराशी थोडा वेळ थांबणार आहोत. चारचौघांत बोलणे ज्यांना अवघड वाटते त्यांनी तेथे यावे.