दल्ली-राजहराचं हॉस्पिटल कुणी वाढवलं?

(संघटनेच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



आज आपण दाव्यांच्या कामाला जमलोय. मोजणी कुठवर आली, कुणाचा दावा फेटाळला, ते बोलायचंच आहे. पण आधी एक गोष्ट. गेल्या पावसाळ्यात आपल्या पाड्यावरची एक बाई बाळंतपणात अडली. झोळी करून आपणच तिला नेली. ओहोळाला पाणी होतं. दवाखाना गाठायच्या आत ती गेली. तिच्या घराचा दावा मंजूर झाला, पण जमीन कसायला ती राहिली नाही.

म्हणून दल्ली-राजहराची हकीगत ऐका.

गडचिरोलीच्या पलीकडे छत्तीसगडात हे गाव आहे. तिथल्या लोखंडाच्या खाणींतला दगड भिलईच्या पोलाद कारखान्याला जातो. तो फोडणारे ठेकेदाराचे मजूर, पुष्कळसे आपल्यासारखे आदिवासी. १९७७ साली त्यांनी स्वतःची युनियन उभी केली. शंकर गुहा नियोगी त्यांच्याबरोबर होते. त्याच वर्षी २ आणि ३ जूनला पोलिसांनी गोळ्या घातल्या. ११ जण मेले. त्यात एक बाई होती, एक पोर होतं.

पुढे युनियनच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात गेल्या. मजुरी वाढली होती, पण वेळेवर उपचार नव्हते. तेव्हा मजुरांनी ठरवलं, दवाखाना आपणच काढायचा.

सुरुवात लहान होती. २६ जानेवारी १९८२ ला युनियनच्या गॅरेजमध्ये दवाखाना सुरू झाला. मग मजुरांनी वर्गणी काढली, अंगमेहनत केली आणि ३ जून १९८३ ला, गोळीबारातल्या शहिदांच्या नावानं, १५ खाटांचं शहीद हॉस्पिटल उघडलं. उद्घाटनाला मंत्री नव्हता. एका म्हाताऱ्या मजुरानं आणि एका आदिवासी शेतकऱ्यानं ते केलं.

डॉ. विनायक सेन, डॉ. आशीष कुंडू, डॉ. शैबाल जाना असे डॉक्टर बाहेरून आले. पण हॉस्पिटल चालवायला नुसते डॉक्टर पुरत नाहीत. दिवसा खाणीत राबणारे मजूर संध्याकाळी येऊन मलमपट्टी शिकले. मजुरांच्या पोरी नर्सचं काम शिकल्या. हगवणीला मीठ-साखरेचं पाणी पाजा, उगाच सुई टोचून घेऊ नका, हे वस्तीवस्तीत सांगितलं. औषधाची गरज नसेल तर औषध द्यायचं नाही, असा तिथला नियम.

२८ सप्टेंबर १९९१ ला नियोगींचा भिलईत खून झाला. हॉस्पिटल बंद पडलं नाही. शैबाल जाना तीस वर्षांहून जास्त तिथेच राहिले. १५ खाटांच्या आता शंभरावर झाल्या, लांबलांबच्या गावांतून माणसं येतात. एका माणसावर उभं असतं तर त्याच वर्षी कुलूप लागलं असतं.

आता आपलं. कुणी म्हणेल, त्यांना खाणीची मजुरी होती, आपल्याकडे रोकड कुठे? खरं आहे. पण आपल्याकडे भात आहे, नाचणी आहे, कुडाची भिंत बांधणारे हात आहेत. आणि पहिल्या दिवशी त्यांच्याकडेही फक्त गॅरेज होतं.

दुसरं कुणी म्हणेल, दवाखाना देणं सरकारचं काम आहे. तेही खरं. ती मागणी सोडायची नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टर का राहत नाही, पावसात गाडी का येत नाही, हे ग्रामसभेत विचारायचं आणि मोर्चातही विचारायचं. नियोगी संघर्ष आणि निर्माण एकत्र सांगायचे. दोन्ही पाय असले तर माणूस चालतो.

म्हणून आम्ही तीन गोष्टी मांडतो. प्रत्येक पाड्यानं एक बाई आणि एक पोरगा शिकायला द्यावा. सुईणींना सोबत घ्यावं, त्यांना बाजूला सारू नये. आणि सुगीला घरटी एक पायली धान्य आरोग्याच्या कणगीत टाकावं, हिशोब बायांच्या हातात.

हे पुढच्या पावसाळ्याच्या आत व्हायला पाहिजे. पाड्यापाड्यावर बसून बोला आणि पुढच्या बैठकीला नावं घेऊन या.

संघटना जिंदाबाद!