शिळं कुणाच्या पानात?

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले ६० टक्के घराघरांतून. कचराडेपोत ते कुजते, मिथेन वायू सोडते, पृथ्वी तापवते. म्हणून अन्न वाचवायलाच हवे. पण आपल्या घरांत ते वाचवते कोण? सगळ्यांची जेवणे उरकली की उरलेली भाकरी, कालची आमटी बाईच्या पानात. ताजी भाजी तोवर संपलेली. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मी म्हणते, कोण किती जेवणार हे स्वयंपाकाआधी प्रत्येकाने सांगावे, सगळ्यांनी एकत्र जेवायला बसावे आणि उरलेच, तर ते सगळ्यांच्या पानात सारखे वाढावे.