मजकूर काढताना कारण सांगण्याचे कर्तव्य

ऑनलाइन मंचावर लिहिणाऱ्याचा संबंध दोघांशी येतो: सरकारशी आणि मंच चालवणाऱ्या कंपनीशी. सरकारविरुद्ध दाद मागण्याची वाट न्यायालयांनी बऱ्यापैकी आखून दिली आहे. कंपनीविरुद्धची वाट अजून पायवाटच आहे, आणि या अध्यक्षीय भाषणाचा बहुतेक वेळ तिच्यासाठीच राखला आहे.

सरकारी बाजू थोडक्यात अशी. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरला दोन तरुणींना अटक झाली. एकीने बंदविषयी फेसबुकवर लिहिले होते, दुसरीने ते लाइक केले होते. त्या प्रकरणात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना आल्यावरच कलम 79 खाली कंपनीवर मजकूर काढण्याची जबाबदारी येते, हेही त्याच निकालाने ठरले. पुढे सरकारी सत्यशोधन कक्षाची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये घटनाबाह्य ठरवली.

कंपनीने आपण होऊन मजकूर काढला तर काय? याच कायद्याखालील 2021 च्या नियमांत याचे उत्तर आहे. पन्नास लाखांवर वापरकर्ते असलेल्या मंचाने नियम 4(8) प्रमाणे मजकूर काढण्याआधी लिहिणाऱ्याला कारणासह कळवावे आणि म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी. कागदावर याहून स्पष्ट तरतूद मागायची गरज नाही. प्रत्यक्षात ती रोज पायदळी तुडवली जाते.

कोट्यवधी नोंदी माणसांनी तपासणे अशक्य, म्हणून सर्व यंत्रावर सोपवावे, असे तंत्रज्ञ सहकारी म्हणतात. अध्यक्षांच्या वकिलीतील एक प्रकरण यावर पुरेसे बोलके आहे. 2022 मध्ये जनावरांच्या लम्पी रोगाची साथ पसरली असता नगर जिल्ह्यातील एका पशुवैद्यकाचे पान अचानक बंद झाले. पानावर गाठी आलेल्या, जखमा चिघळलेल्या जनावरांचे फोटो होते. वासराला आईचे दूध पाजावे का, गोठ्यात काय फवारावे, असे शेतकऱ्यांचे प्रश्न आणि डॉक्टरांची उत्तरे त्याखाली होती. कंपनीकडून इंग्रजीत दोन ओळी आल्या: निकषांचा भंग झाला आहे. कोणता फोटो, कोणता निकष, काही नाही. प्रत्येक फोटोचा खुलासा जोडून तक्रार केली. उत्तरात त्याच दोन ओळी. साथ चालू होती आणि सल्ला मात्र बंद होता. त्या दिवसांत मराठी वाचणारा एक माणूस कंपनीच्या तक्रारींच्या टेबलावर बसला असता, तर पाच मिनिटांत निकाल लागला असता.

कारण सांगण्याच्या या कर्तव्याचा सुरक्षिततेशी विरोध मुळीच नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे क्षणभरही राहू नयेत. एखाद्या स्त्रीची खासगी छायाचित्रे तक्रारीनंतर ठरावीक मुदतीत हटवण्याचे बंधन याच नियमांत आहे आणि ते कडकच असावे. पण जे यंत्र मजकूर ओळखून काढते, त्याला काढण्याचे कारण नोंदवता येत नाही, हे कोणी सांगू नये. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने अशी लेखी कारणे देणे सक्तीचे केले आहे, आणि तिथे तो कायदा त्याच कंपन्यांना लागू आहे.

भारतात कंपनीच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची सोय झाली ती या नियमांतील ऑक्टोबर 2022 च्या दुरुस्तीने, आणि अपील समित्या नेमल्या गेल्या जानेवारी 2023 मध्ये. त्याच दुरुस्तीनुसार मंचाची नियमावली वापरकर्त्याला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील त्याच्या पसंतीच्या भाषेत मिळायला हवी. मराठीसाठी हा आधार मोलाचा आहे. खरी उणीव पुढे आहे. नियम मोडले तर इतरांच्या मजकुराबद्दल कंपनीला कलम 79 ने मिळणारे संरक्षण जाते, पण त्यामुळे बंद पडलेले पान उघडत नाही. नुकसान झालेल्याला भरपाई देण्याची तरतूद या नियमांत नाही. ती हवी, आणि ती मागण्याची जबाबदारी वकिलांची आहे.

वकिलांच्या या परिषदेपुढील कामे दोन: मराठीत तक्रारीचा आणि अपिलाचा नमुना तयार करणे, आणि कारणाशिवाय आलेल्या नोटिसा जिल्हावार गोळा करणे. त्यासाठीची समिती व मुदत कार्यकारिणी ठरवील.