जुन्या मोटारगाडीला विजेची जोड

इ. स. १८८१ च्या एप्रिल महिन्यांत पॅरिस शहरांतील एका रस्त्यावरून एक तीनचाकी गाडी घोड्यावांचून, वाफेवांचून आणि पाय हलविल्यावांचून धांवत गेली. तिचा कर्ता गुस्ताव्ह त्रूव्हे हा नामांकित यंत्रज्ञ होता. पण गंमत अशी कीं, ती गाडी त्यानें घडविलेली नव्हतीच. ती इंग्लंडांत तयार झालेली, पायांनीं चालवावयाची तीनचाकी सायकल होती. त्रूव्हेनें ती घेतली, तिच्यावर एक लहानशी विजेची मोटर बसविली आणि पुनःपुन्हां भरतां येणारी बॅटरी तिला जोडली. ही बॅटरी प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शोधून काढलेली होती. म्हणजे विजेच्या गाड्यांचा इतिहास जेथें सुरू होतो, तेथेंच दुसऱ्या शक्तीसाठीं बनविलेली गाडी घेऊन तिला वीज जोडण्याची ही युक्ति उभी आहे. आज जे लोक आपल्या जुन्या मोटारींतील एंजिन काढून तेथें विजेची मोटर बसविण्याचा विचार करीत आहेत, ते नवें कांहीं करीत नसून एक जुनाच परिपाठ पुढें चालवीत आहेत.

टंचाई आली कीं मनुष्य असा उपाय शोधूं लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां हिंदुस्थानांत कित्येक मोटारींच्या पाठीशीं कोळशाची भट्टी बसली आणि त्या कोळशाच्या वायूवर धांवूं लागल्या. त्या भट्टीची राख काढतां काढतां चालक मेटाकुटीस येई. परंतु गाडी चाले. आजची टंचाई निराळी आहे. पेट्रोल मिळतें, पण तें महाग आहे. आणि त्याच्या धुराचा भार सर्वांच्या फुप्फुसांवर पडतो.

या विचाराला घरगुती रूप कसें येतें, हें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. पुण्यांतील एका प्राध्यापिकाबाईंच्या दारांत वडिलांनीं हौसेनें घेतलेली मारुति ८०० गाडी उभी आहे. डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत तयार झालेली ही छोटी गाडी मध्यमवर्गाच्या लाखों घरांत पहिली मोटार म्हणून आली. बाईंच्या गाडीचें एंजिन आतां धूर ओकूं लागलें आहे. कारागीर म्हणतो, एंजिन उघडावें लागेल. भंगारवाला म्हणतो, द्या मला. धाकटा भाऊ म्हणतो, ताई, रिक्षाच्या चार बॅटऱ्या टाकूं, स्वस्तांत काम होईल. आणि बाईंचें मन म्हणतें, ही बाबांची गाडी. या चौघांत खरें कोणाचें?

याचें उत्तर पैशांपासून सुरू न करतां गाडीच्या गरजेपासून सुरू केलें पाहिजे. या गाडीचें एंजिन ७९६ घनसेंटिमीटरचें, तीन सिलिंडरांचें आणि ३५ हून अधिक अश्वशक्तीचें आहे. तेवढ्याच शक्तीची विजेची मोटर घ्यावी लागेल, असें प्रथमदर्शनीं वाटतें. पण तें खरें नव्हे. रिकाम्या गाडीचें वजन सुमारें साडेसहाशें किलो. दोन-तीन माणसें बसलीं तरी सपाट रस्त्यावर ताशीं ४० किलोमीटर वेग राखण्यास सुमारें अडीच अश्वशक्ति पुरते. वेग दुप्पट केला कीं वाऱ्याचा विरोध चौपट होतो, आणि मग ताशीं ८० किलोमीटरला नऊ-दहा अश्वशक्ति लागते. दर बारा फुटांस एक फूट उंची घेणारा चढ ताशीं ३० च्या वेगानें चढावयाचा झाला, तरी गरज दहाच्या आसपासच राहते. एंजिनाची बाकीची शक्ति पुढच्या गाडीला मागें टाकण्यासाठीं आणि लांबच्या प्रवासांतील वेगासाठीं असते. शिवाय विजेची मोटर अगदीं थांबलेल्या स्थितींतूनच पूर्ण जोर लावते आणि थोडा वेळ दुप्पट भारही सोसते. म्हणून शहरापुरती गाडी वापरणाऱ्यास दहा-बारा अश्वशक्तीची मोटर पुरते. वेगाची हौस सोडली कीं अर्धा खर्च तेथेंच वांचतो.

दुसरा प्रश्न बॅटरीचा, आणि खरा खर्च हाच. अशी गाडी शहरांत विजेच्या एका युनिटावर सुमारें नऊ किलोमीटर जाते असें धरावें. बाईंचें महाविद्यालय घरापासून सतरा किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन-येऊन आणि वाटेंत भाजी घेऊन ३५ किलोमीटर. त्याला चार युनिटें हवींत. पण बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी करूं नये. म्हणून ती साडेसात-आठ युनिटांची घ्यावी.

धाकट्या भावाची शिशाच्या बॅटरीची सूचना येथेंच तपासून पाहिली पाहिजे. शिशाची बॅटरी विकत घेतांना स्वस्त खरी. परंतु आठ युनिटांची शिशाची बॅटरी सव्वादोनशें किलोंच्याही वर भरते. म्हणजे तीन धट्टीकट्टीं माणसें गाडींत कायमचीं बसलीं, आणि तीं कधींच उतरणार नाहींत! त्यांतून ती रोज अर्धी रिकामी केली तर कांहीं शें फेऱ्यांतच थकते. २००१ सालीं बंगळूरची रेव्हा नांवाची गाडी शिशाच्या बॅटऱ्यांवर शहरांत चालू लागली, हें खरें. पण ती गाडी मुळांतच त्या कामासाठीं आंखलेली होती. लिथियमची बॅटरी १९९१ सालीं बाजारांत आली आणि तिच्या संशोधकांना २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तिचाच लिथियम-लोह-फॉस्फेट हा प्रकार अशा कामास उत्तम. याचे १०० अँपिअर-तासांचे २४ घट एकापुढें एक जोडले म्हणजे सुमारें ७७ व्होल्टची आणि साडेसात युनिटांहून थोडी अधिक शक्तीची बॅटरी होते. पेटीसह तिचें वजन ७०-८० किलो, आणि चांगल्या बनावटीची असली तर दोन हजारांहून अधिक वेळां भरतां येते. एंजिन, पाण्याची टाकी, धुराचा नळा आणि पेट्रोलची टाकी निघाल्यावर जें वजन उतरतें, त्यांत ही बॅटरी आणि मोटर सहज सामावते. म्हणून येथें स्वस्त वस्तूच शेवटीं महाग पडते.

आतां कारागिराचें काम. गिअरची पेटी काढून टाकूं नये. ती चढावर उपयोगी पडते आणि लहान मोटरचें उणें भरून काढते. एंजिन जेथें गिअरपेटीला जोडलेलें असतें, तेथें जाड धातूची एक पट्टी आणि मोटरचा दांडा गिअरच्या दांड्यांत बसविणारा जोड, एवढे दोन भाग लेथवर करून घ्यावे लागतात. ऐकावयास सोपें, पण सर्व कौशल्य यांतच. दोन्ही दांडे एका रेषेंत नसले तर केसाएवढ्या फरकानेंही गाडी थरथरते आणि बेअरिंगें खातात. मोटर आणि बॅटरी यांच्यामध्यें वेग राखणारें नियंत्रक यंत्र येतें. प्रवेगकाच्या पायपट्टीचा संदेश तेंच ओळखतें. एंजिन गेल्यानें दिव्यांना आणि भोंग्याला वीज देणारा डायनामोही जातो. तेव्हां मोठ्या बॅटरीच्या विजेचा दाब उतरवून बारा व्होल्ट देणारें लहान यंत्र बसवावें लागतें.

ज्या गाडीच्या ब्रेकला एंजिनाच्या ओढीची मदत असते, त्या गाडींत एंजिन काढल्याबरोबर ती मदतही नाहींशी होते. पाय नेहमींइतकाच दाबला जातो, आणि गाडी मात्र थांबत नाहीं. अशा गाडीला विजेवर चालणारा निर्वात पंप बसविणें हा खर्च नव्हे, तें प्राणरक्षण आहे. तसेंच ७७ व्होल्टचा दाब लहान वाटला तरी त्याच्यामागें शेंकडों अँपिअरचा प्रवाह उभा असतो. हातांतील अंगठी किंवा लोखंडी पाना दोन टोकांना टेकला तर तो क्षणांत वितळतो. म्हणून जाड फ्यूज, चालकाच्या हातीं असलेली तोडकळ आणि प्रत्येक घटावर लक्ष ठेवणारें यंत्र हीं तिन्ही असल्यावांचून अशा गाडींत कोणी बसूं नये. हौशी माणसाची काटकसर पुष्कळदां नेमकी याच तीन वस्तूंवर येऊन बसते, हें दुर्दैव आहे.

याच कारणासाठीं कायद्यानेंही येथें हात घातला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपुस्तकांत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत असा बदल गाडींत करतां येत नाहीं. विजेची जोड द्यावयाची तर मान्यताप्राप्त सामग्रीच वापरावी लागते. तिच्या कसोट्या ‘एआयएस १२३’ या मानकांत दिलेल्या आहेत. मोटारींची तपासणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यांतच आहे. सामग्री अधिकृत कारखान्यांत बसवून घ्यावी, परिवहन कार्यालयांत नोंद बदलावी आणि विमा कंपनीस कळवावें, हा क्रम आहे. गल्लींतल्या कारागिरानें जोडलेली गाडी कदाचित् चांगली धांवेल. पण अपघात झाला तर विम्याचा आधार तिला राहणार नाहीं. शिवाय खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. तीं भरलीं कीं तपासणी करून ती पुन्हां करून घ्यावी लागते. म्हणून सर्वांआधीं गाडीखालीं वांकून पत्रा पाहावा. जमीन गंजलेली असली तर विषय तेथेंच संपला.

राहिला पैशांचा हिशेब. हिशेबासाठीं पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि शहरांत लिटरला १५ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला सुमारें पावणेसात रुपये पडतात. वीज युनिटाला १० रुपये धरली तर किलोमीटरला रुपया-सव्वा रुपया. म्हणजे दर किलोमीटरमागें साडेपांच रुपये वांचतात. घरगुती विजेचा वापर वाढला कीं दराचा वरचा टप्पा लागतो. बाईंचा वापर महिन्याला शंभर युनिटांनीं वाढेल, हें ध्यानांत ठेवून दोन पैसे कमी धरावे. सर्व सामग्री, मजुरी आणि नोंदणी मिळून तीन लाख रुपये खर्च आला असें समजूं.

ज्या गृहस्थाची गाडी रोज दहाच किलोमीटर फिरते, त्याचे वर्षाचे ३०० दिवसांत तीन हजार किलोमीटर होतात आणि साडेसोळा हजार रुपये वांचतात. त्याचे तीन लाख फिटावयास अठरा वर्षें लागतील. तोंवर गाडी राहील काय आणि गृहस्थही राहील काय! उलट जो रोज शंभर किलोमीटर जातो, त्याची बचत भरपूर. पण त्याला दुपटीहून मोठी बॅटरी हवी, आणि ती घेतली कीं खर्चही वाढला व वजनही वाढलें. थोडें फिरणाऱ्याचे पैसे फिटत नाहींत आणि फार फिरणाऱ्याला बॅटरी पुरत नाहीं, अशी ही कोंडी आहे. हा व्यवहार शोभतो तो मधल्या माणसाला. ज्याची वाट रोजची आणि ठरलेली, तीस-चाळीस किलोमीटरांची. ज्याच्या अंगणांत रात्रीं गाडी भरावयास स्वतःची जागा आणि वायर आहे. आणि ज्याला त्या गाडीनें महाबळेश्वरास जावयाचें नाहीं. बाई वर्षाला साडेदहा हजार किलोमीटर जातात. त्यांचे सत्तावन्न हजारांवर रुपये वांचतात आणि पांच वर्षांच्या पुढें थोड्या महिन्यांत खर्च फिटतो. मात्र फिटला तरी गाडी विकून ते तीन लाख परत येणार नाहींत. जुनी गाडी शेवटीं जुनीच राहते.

तेव्हां चौघांत खरें कोणाचें? पत्रा गंजलेला असेल तर भंगारवाल्याचें. गाडी क्वचितच बाहेर निघत असेल तर एंजिन उघडूं पाहणाऱ्या कारागिराचें. धाकट्या भावाचें मात्र कोणत्याही परिस्थितींत नव्हे. आणि बाईंच्या मनाचें खरें ठरावयाचें असेल, तर त्या मनानें प्रथम एक काम करावें. एक लहानशी वही आणून ती गाडीच्या कप्प्यांत ठेवावी आणि महिनाभर रोज रात्रीं गाडीच्या मापकावरील किलोमीटरांचा आंकडा तींत लिहावा. लग्नकार्य, पाऊस, सुट्टी, आजारपण, सर्व दिवस त्यांत यावेत. महिना संपल्यावर जो आंकडा उभा राहील, त्यावरून बॅटरी घ्यावी कीं न घ्यावी, हें कळेल. त्या वहीला चार आणेही पडत नसत, तेव्हांचे दिवस आतां राहिले नाहींत. पण तीन लाखांच्या खर्चाआधीं करावयाचा याहून स्वस्त खर्च आजही दुसरा नाहीं.