माफी मागून सुरू झालेला क्रीडादिन

आजचा भाग जरा वेगळा आहे. बरेच दिवस तुम्ही विचारताय की, ताई, कोरियातल्या शाळेतले किस्से सांगा ना. के-ड्रामामध्ये दिसते तशीच असते का ती शाळा? तर आज एकच किस्सा सांगते. एकाच दिवसाचा.

मी सोलजवळच्या एका शहरात प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायचे. मे महिना होता. कोरियात पाच मे हा बालदिन, त्यामुळे बऱ्याच शाळांचा क्रीडादिन त्याच सुमाराला असतो. त्याला म्हणतात उन्दोंगह्वे. माझ्या डोक्यात आपलं नाशिकचं गॅदरिंग. लिंबू-चमचा, पोत्यातली शर्यत, कर्कश लाउडस्पीकर आणि बाकावर बसून घसा फाटेपर्यंत ओरडणारे आम्ही.

सकाळी मैदानावर गेले तर वर सगळीकडे दोऱ्यांना जगभरातले छोटे छोटे झेंडे लावलेले. चौथीची दोन पोरं धावत आली आणि हाताला धरून मला एका कोपऱ्यात घेऊन गेली. वर बोट दाखवलं. तिरंगा! त्यांनी माझ्यासाठी शोधून ठेवला होता. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

शाळेचे दोन संघ असतात, निळा आणि पांढरा. मी निळ्यात. सगळी मुलं रांगेत उभी राहिली. मग अचानक सगळ्यांनी मैदानाकडे पाठ केली, समोरच्या उंच इमारतींकडे तोंड केलं आणि कमरेत वाकून एका सुरात म्हणाली, "च्वेसोंगहाम्निदा!" मीपण वाकले. मला वाटलं, खेळाडूंची शपथ असेल.

शेजारी माझ्या सहकारी शिक्षिका होत्या. त्यांना विचारलं, आपण आत्ता काय म्हणालो? त्या हळूच म्हणाल्या, "माफ करा, असं म्हणालो. आज आवाज होणार ना."

म्हणजे बघा, खेळ सुरू व्हायच्या आधीच माफी!

मग कळलं की शाळेला अगदी लागून टॉवर आहेत आणि क्रीडादिनाला तक्रारींचे फोन येतात. काही ठिकाणी तर लोक थेट पोलिसांना बोलावतात. हे फक्त आमच्या शाळेचं नव्हतं. २०२५ च्या मे महिन्यात अशीच माफी मागणाऱ्या मुलांचा एक व्हिडिओ कोरियात खूप फिरला होता. आणि हा तो देश आहे, जिथे मुलं जन्मालाच येत नाहीत म्हणून सरकार काळजीत आहे. २०२३ मध्ये तिथला जननदर ०.७२ होता. लोकसंख्या टिकायला तो साधारण २.१ लागतो. मुलं हवीत, पण त्यांचा आवाज नको!

असो. खेळ सुरू झाले. सगळ्यात धमाल म्हणजे पाक फोडणं. उंच काठीवर भोपळ्यासारखा मोठा गोळा टांगलेला असतो. धान्य भरलेल्या छोट्या पिशव्या मारून मारून तो फोडायचा. फुटला की आतून रंगीत कागद उडतात आणि एक फलक खाली उलगडतो. आमच्या फलकावर जेवणाच्या सुट्टीची घोषणा होती. मग काय, किंबापचे डबे उघडले. धावण्यात नंबर आलेली पोरं मनगटावरचा शिक्का मिरवत फिरत होती. हात धुवायलासुद्धा तयार नव्हती!

जेवणानंतर रस्सीखेच. आपल्याकडे जोर लावताना जसं "हय्या हो" करतात ना, तसं तिथे "यंगचा! यंगचा!" करतात. पण मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं, आवाज कमी. त्यामुळे आमचा निळा संघ पुटपुटत ओढत होता. ताल जुळेना, कोणी आधी ओढतंय, कोणी नंतर. पहिली फेरी हरलो.

दुसऱ्या फेरीआधी माझ्या वर्गातली एक मुलगी माझ्याकडे आली. कायम गप्प बसणारी. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "टीचर, ओरडू का?"

आता मी परकी बाई. तिथल्या शेजाऱ्यांचं काय, नियम काय, मला काय माहीत? मी "थांब, मोठ्या बाईंना विचार" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "ओरड."

मंडळी, काय तो आवाज! सगळी रांग एका तालात मागे. दुसरी फेरी जिंकली. तिसरी हरलो, पण ती मुलगी घसा बसेपर्यंत हसत होती.

आणि हो, फोन आला. उपमुख्याध्यापक मोबाइल कानाला लावून, समोर कोणी नसताना, पुन्हा पुन्हा वाकत होते. "च्वेसोंगहाम्निदा, च्वेसोंगहाम्निदा." मला कोणी एक शब्द बोललं नाही. त्याचंच जास्त लागलं. माझ्या एका शब्दाची माफी दुसराच माणूस मागत होता.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले आणि तो एक शब्द, जो सकाळी न कळता म्हटला होता, तो आता कळून म्हटला. ते हसले. म्हणाले, "फोन करणारा माणूस रात्रपाळीचा होता. त्याचंही बरोबर होतं." मग जरा थांबून म्हणाले, "दुसरी फेरी मात्र छान झाली."

ते वाक्य मी अजून विसरले नाहीये. त्या माणसाची झोप खरी होती आणि त्या मुलीचा आवाजही खरा होता. वर्षातला एक दिवस कोणी कोणासाठी सोसायचा, एवढाच प्रश्न आहे. आणि तो दरवेळी दहा वर्षांच्या पोरांनीच वाकून सोडवावा, हे मला अजूनही पटत नाही.

तुमच्या सोसायटीच्या गेटवर "येथे खेळण्यास मनाई आहे" अशी पाटी आहे का? असेल तर त्याबद्दल मला व्हॉइस नोट पाठवा. आणि पाटी लावणारे काका तुमच्याच घरातले असतील, तर त्यांचीही बाजू ऐकायला आवडेल.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि अधूनमधून मोठ्याने ओरडा!