एकशे तीनचं रेशन



आंब्याच्या दिवसांत पावसचे बागायतदार पेट्यांच्या ऑर्डरी मोबाइलवरच घेतात. आता समजा, त्यांतल्या काहींनी सोसायटी काढली आणि ठरवलं, हिशेबाचा सर्व्हर आपल्याच गोडाऊनमध्ये ठेवू, पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्याने थेट तिथे ऑर्डर नोंदवावी. केबलवाला म्हणेल, ‘स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता लागेल, त्याचे पैसे वेगळे.’

हे पैसे टंचाईचे. इंटरनेटवर पोचायला आकडी पत्ता लागतो आणि जुन्या पद्धतीत असे पत्ते जगभरात मिळून ४२९ कोटीच. सुरुवातीला ते हात सैल सोडून वाटले. अमेरिकेतल्या एमआयटी या एकट्या संस्थेकडे १ कोटी ६७ लाख होते. त्यातले निम्मे तिने २०१७ मध्ये विकायला काढले. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं तेच १५ ऑगस्ट १९९५ पासून.

आपल्या आशिया-पॅसिफिक भागाचे पत्ते एपनिक ही संस्था वाटते. तिचा साठा १५ एप्रिल २०११ रोजी तळाला गेला आणि रेशन सुरू झालं. १०३ने सुरू होणाऱ्या शेवटच्या गठ्ठ्यातून प्रत्येक सभासदाला फार तर १,०२४ पत्ते. २०१९ पासून ५१२. बडी कंपनी असो की तालुक्याचा केबलवाला, माप एकच. नियम रास्तच आहे. नाहीतर उरलंसुरलं बड्यांनीच उचललं असतं. पण ज्यांनी आधीच कोठारं भरली, त्यांना रेशन कसलं? कमी पडलं तर ते बाजारातून विकत घेतात.

छोटा केबलवाला मग एकच पत्ता अनेक घरांत वाटतो. सिनेमा दिसतो, पैसे जातात, तक्रार नसते. मात्र बाहेरच्याला आत यायचं तर वाट नाही. शिवाय एका घरातून स्पॅम सुटला की पत्ता काळ्या यादीत, आणि भोगायचं साऱ्या वाडीने.

आयपीव्ही सिक्स या नव्या पद्धतीत ही चणचणच नाही. एका घराच्या वाट्याला येणारे पत्ते जुन्या अख्ख्या इंटरनेटपेक्षा जास्त! तुमच्या मोबाइलवर ती बहुधा चालूही असेल. रखडलंय ते घरच्या केबलवर, जुन्या राउटरांपायी. जुने पत्तेही लगेच सुटणार नाहीत, कारण कितीतरी वेबसाइट अजून तिथेच आहेत. तरी पुढचं बिल भरताना केबलवाल्याला विचारा, आयपीव्ही सिक्स कधी देणार? त्याचं स्वतःचं नेटवर्क असेल, तर ते पत्ते मागायला एपनिकचं ब्रिस्बेनचं कार्यालय गाठावं लागत नाही. भारतात २०१२ पासून आयआरआयएनएन ही नोंदणी संस्था ते देते.